नातीची सायकल आणि आजोबांची ॲटलस

प्रश्न : मी ६८ वर्षांचा, बँकेतून निवृत्त. वाढलो सदाशिव पेठेत, आता सिंहगड रस्त्याला मुलाकडे राहतो. १९७४ साली अकरावी पास झालो तेव्हा वडिलांनी घेऊन दिलेली बावीस इंची ॲटलस मी आजवर जपली आहे. नात दहा वर्षांची आहे, उंची साडेचार फूट. मी लहानपणी वडिलांच्या मोठ्या सायकलवर नळीखालून पाय घालून शिकलो, तशीच तिनेही शिकावी म्हणून दिवाळीच्या सुट्टीत ॲटलस बाहेर काढली. दुसऱ्याच दिवशी ती पडली, ढोपर फुटलं. आता सायकलीचं नाव काढलं की उठून आपल्या खोलीत जाते. मुलगा म्हणतो, "बाबा, आता कोण सायकल चालवतं? शिवाय ठेवायला जागा कुठे आहे? अठरा पूर्ण झाली की स्कूटी घेऊ." सुनेला रस्त्याची धास्ती. सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्यात माझी नात सायकल न शिकताच मोठी होणार का? आपल्या देशातून सायकल खरंच संपली का?
— एक आजोबा, पुणे

काका, नमस्कार.

तुमचं मूळ पत्र चार पानी आहे. त्यातली अडीच पानं ॲटलसची: ओव्हरऑइलिंग कुठे केलं, टायर-ट्यूब नवी घातली, सळईच्या ब्रेकची रबरं मिळवायला किती दुकानं पालथी घातली, चेनकव्हरला पुन्हा काळा रंग कसा दिला. नातीच्या वाट्याला अर्धं पान आलंय, आणि त्यातही ती पडली एवढंच. जागेअभावी वर पत्र कापून छापलंय म्हणून वाचकांना हे सांगितलं पाहिजे, कारण माझं उत्तर त्या अडीच पानांवरच बेतलेलं आहे. नातीला सायकल यावी ही एक इच्छा, आणि ॲटलसला घरात कुणीतरी वारस मिळावा ही दुसरी. दोन्हींत गैर काही नाही. पण दुसरीचं ओझं तुम्ही पहिलीवर टाकलंत आणि ते शब्दशः तिच्या अंगावर पडलं.

स्पष्टच सांगते, ती सायकल तिला देऊ नका. आत्ता तर नाहीच, पुढची चार-पाच वर्षंही नको.

कॅरिअर, स्टँड, चेनकव्हर धरून जुनी बावीस इंची सायकल वीस किलोच्या घरात जाते. बावीस हे फ्रेमचं माप झालं, चाकं तर २८ इंची. दहा वर्षांच्या मुलीचं स्वतःचं वजन तीस-बत्तीस किलो असतं. तुमच्या वजनाच्या हिशेबात हे चाळीस-पंचेचाळीस किलोचं धूड झालं. ज्याच्या सीटवर बसताच येत नाही असं धूड कुणी तुमच्या हातात दिलं असतं, तर तुम्हीही उठून खोलीत गेला असतात.

आणि नळीखालून पाय घालून चालवणं म्हणजे नेमकं काय, ते जरा आठवून पाहा. डावा हात हँडलवर. उजवा हात सीटभोवती किंवा नळीवर कवटाळलेला, म्हणजे उजव्या मुठीतला ब्रेक दाबायला हातच शिल्लक नाही. उजवा पाय नळीखालून पलीकडच्या पायडलवर, अंग डावीकडे लोंबतंय आणि तोल राहावा म्हणून सायकल उजवीकडे कललेली. पूर्ण फेरा मारायला पाय पुरत नाही म्हणून पायडल अर्धंच वरखाली. रिकाम्या गल्लीत हे जमून जायचं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन मोटारींच्या मधून हे कसं जमावं?

"आम्ही असेच शिकलो" हे खरंच आहे, पण ती काही शिकवण्याची पद्धत नव्हती. घरात एकच सायकल होती, ती वडिलांची, आणि ते ऑफिसातून आल्यावर अंधार पडेपर्यंतच हाताला लागायची, म्हणून तसं शिकावं लागलं. ज्यांच्या हातात चार आणे पडायचे ती मुलं दुकानातून तासावर भाड्याची लहान सायकल आणायची आणि सीटवर बसून, ऐटीत शिकायची. त्यांचा तुम्हाला तेव्हा हेवा वाटत नव्हता का? शिवाय त्या मोठ्या सायकलवरून पडून ज्यांचं मनगट मोडलं आणि ज्यांनी पुन्हा हात लावला नाही, अशीही मुलं प्रत्येक वाड्यात होती. ती सायकलच्या आठवणी लिहीत नाहीत, त्यामुळे आपल्याला वाटतं सगळेच तसे शिकले.

आता नातीचं. पहिली गोष्ट, तिला सांगा की सायकल तिच्या मापाची नव्हती, चूक तिची नव्हती. एकदाच सांगा आणि विषय सोडून द्या. "आमच्या वेळी" हे दोन शब्द निदान महिनाभर घरात उच्चारू नका.

नंतर दुकानात जायचं, तिला बरोबर घेऊन. साडेचार फूट उंचीला २४ इंची चाकाची सायकल बहुधा बसेल. सीट सगळ्यात खाली घेतल्यावर बसल्या बसल्या तिची दोन्ही पावलं टाचेसकट जमिनीला टेकली पाहिजेत. टेकली नाहीत तर त्याच मापातली कमी उंच फ्रेमची मागा. २० इंची वर्षभरात लहान पडेल, गुडघे हँडलला लागायला लागतील. उलट "पुढे मोठी होईलच" म्हणून २६ इंचीवर उडी मारू नका. वाढत्या मापाचा फ्रॉक चालतो, वाढत्या मापाची सायकल चालत नाही. गिअर नको, शॉकअप नको. त्यांनी किंमत आणि वजन वाढतं, शिकणाऱ्याला फायदा काहीच नाही. ब्रेकची मूठ तिच्या बोटांना सहज पुरते का, हे मात्र तिलाच दाबून पाहायला सांगा. मूठ आत घ्यायला बारीक स्क्रू असतो, दुकानदार दोन मिनिटांत करून देतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलेला आहे, तेव्हा बिल मागा आणि नीट पाहा. रंग तिच्या आवडीचा. तुम्हाला काळा आवडतो हे मला माहीत आहे.

घरी आणल्यावर दोन्ही पायडलं काढून ठेवा. पंधरा नंबरचा पाना लागतो. उजवं नेहमीसारखं सुटतं, डाव्याला उलटे आटे असतात, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं. हे माहीत नसलेले लोक तिथे जोर लावून आटे खातात. पायडल नसलेल्या सायकलवर तिला बसवा आणि पायाने जमीन ढकलत नुसतं चालू द्या. सुरुवातीला फक्त ब्रेक: चार पावलं ढकलायची, दाबायचं, थांबायचं. थांबता येतं हे एकदा कळलं की भीती निम्मी होते. मग हळूहळू ढांगा लांब होतात, आणि एखाद्या दिवशी ती दोन्ही पाय उचलून पार्किंगच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. तोल आला तो तिथेच. त्यानंतर पायडलं लावून द्या. चार दिवस लागतील नाहीतर पंधरा, घाई तिची असू द्या, तुमची नको. नजर पुढच्या चाकावर न ठेवता लांब ठेवायची, एवढं एकच वाक्य अधूनमधून म्हणायला हरकत नाही.

मागून सीट धरून पळू नका. तुमचे गुडघे ६८ वर्षांचे आहेत हे एक. आणि मागे कुणी धरलंय तोवर तिचा तोल तिच्या हातात येतच नाही, हे दुसरं. साइडची चाकंही नकोत. त्यांनी पायडल मारता येतं, तोल मात्र शिकायचा राहूनच जातो. शक्य असेल तर पहिले काही दिवस सुनेला बरोबर घ्या. दिवाळीतल्या पडण्याशी तिचा संबंध नाही, आणि पुढे रस्त्यावर सोडायची वेळ येईल तेव्हा, नात ब्रेक कसा लावते हे आईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असेल.

आता चिरंजीव. "आता कोण सायकल चालवतं?" या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते आकड्यांत आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या साधारण निम्म्या घरांत सायकल होती. पश्चिम बंगालमध्ये दर पाच घरांपैकी जवळपास चार घरांत, उत्तर प्रदेशात चारपैकी तीन. २०११ च्या जनगणनेत सायकल असलेली घरं ४४.८ टक्के होती आणि मोटार असलेली ४.७ टक्के. रस्ते कुणासाठी रुंद केले जातात ते या आकड्यांशेजारी ठेवून पाहा म्हणावं.

आणि आकडे नको असतील तर सकाळी सहाला सोसायटीच्या गेटपाशी उभं राहायला सांगा. पेपर टाकणारा मुलगा, रात्रपाळी संपवून निघालेला वॉचमन, कॅरिअरला डबा बांधून कामावर निघालेले मिस्त्री, सगळे सायकलवर. तुमचा मुलगा साडेनऊला बाहेर पडतो तोवर ही माणसं कामाला लागलेली असतात. सायकल देशातून गेलेली नाही, ती आपल्यासारख्यांच्या जिन्याखालून गेली आहे. आपण एक पायरी वर चढलो आणि चढताना खाली पाहणं सोडलं. आता त्याच वर्गात ती परत आलीय, पण व्यायाम म्हणून: रविवारी पहाटे लायक्रा घालून, हेल्मेटला दिवा लावून. मला त्याचं कौतुक आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची 'रॅम' शर्यत पुरी केली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ साली, विशीत, सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा केली. पण सायकल मोटारीच्या टपावर बांधून चालवायच्या जागेपर्यंत न्यायची, हे दृश्य पाहिलं की हसू आवरत नाही.

पुण्याबद्दल तुम्ही हळहळता, त्यात मला थोडं वेगळं म्हणायचंय. सायकलचा कर भरल्याचा पितळी बिल्ला, संध्याकाळनंतर दिवा नसला की पोलिसाची शिट्टी, डबलसीट पकडल्यावर उतरून आपण त्या गावचेच नाही असं चालायला लागणं, हे सगळं तुमच्या पत्रात आहे आणि वाचायला मजा आली. पण ते पुणं कुणी बाहेरच्याने येऊन मोडलं नाही. आकुर्डीत बजाजच्या स्कूटर तयार होत होत्या. १९७२ साली कायनेटिकने लूना ही मोपेड आणली, तीही पुण्याच्याच फिरोदियांची. ज्या शहराच्या पायात सायकल होती त्याच शहराने देशाला पायडल मारण्यातून सोडवलं. तुमच्याकडेही स्कूटर आली असणारच, पत्रात तिचा उल्लेख नाही एवढंच. तेव्हा मुलाला दोष देताना जरा बेताने. नंतर सायकल परत आणायचे प्रयत्नही झाले. सातारा रस्त्याला ट्रॅक झाले, जंगली महाराज रस्त्याला झाले. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपवर भाड्याने मिळणाऱ्या सायकली रस्त्यावर आल्या आणि बघता बघता कंपन्यांनी गाशा गुंडाळला. ट्रॅकवर कुठे टपरी आहे, कुठे मोटार लावलेली आहे, कुठे तो अचानक एखाद्या झाडापाशी संपतो. तुम्ही स्वतः पाहताच.

पण तुमच्या मुलाच्या बोलण्यातली मला खरी खटकलेली गोष्ट वेगळीच आहे: "अठरा पूर्ण झाली की स्कूटी घेऊ." नात आज दहाची. मधल्या आठ वर्षांचं काय? शाळा, क्लास, मैत्रिणीचं घर, वाचनालय, पाणीपुरी, प्रत्येक ठिकाणी जायला तिने कुणाच्या तरी मागे बसायचं. बाबा मीटिंगमध्ये आहेत म्हणून थांबायचं, आई मोकळी झाली की निघायचं. मुलगी मोठी होते ती नेमकी याच वर्षांत, आणि याच वर्षांत तिला कुठेही जाण्यासाठी कुणाला तरी विचारावं लागतं.

सायकलने हे किती बदलतं, ते आपल्याच देशात मोजून झालंय. बिहार सरकारने २००६ साली नववीतल्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं आणि मुलं-मुलींमधली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली. शाळा तीच, रस्ता तोच, मधलं अंतर तेवढं मुलींच्या आटोक्यात आलं. त्याआधी १९९१-९२ च्या सुमारास तमिळनाडूच्या पुदुकोट्टईत साक्षरता मोहिमेच्या जोडीने हजारो बाया सायकल शिकल्या होत्या. तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकलला मोहिमेत जागा दिली. खाणीत काम करणाऱ्या, शेतमजूर, अंगणवाडीत जाणाऱ्या बायका हंडे आणि पोरं सायकलवर घेऊन निघाल्या. टिंगल झाली, तरी थांबल्या नाहीत. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. गावाकडची मुलगी शाळेला स्वतःच्या सायकलने जाते आणि सिंहगड रस्त्याच्या फ्लॅटमधली मुलगी बाबांची वाट पाहत बसते, हे मुलाला याच शब्दांत ऐकवा. आकड्यांपेक्षा लवकर लागेल.

सुनेच्या धास्तीला मात्र मी खोटं म्हणणार नाही. दहा वर्षांच्या मुलीला सिंहगड रस्त्यावर एकटीने सायकल चालवायला मीही सोडणार नाही. शिकणं सोसायटीत, सराव आतल्या गल्ल्यांत, रविवारी सकाळी लवकर. मोठ्या रस्त्याला फक्त मोठ्या माणसाबरोबर, तेही एक-दोन वर्षांनी. तिने पुढे राहायचं आणि मोठ्याने मागे, तिच्या किंचित उजवीकडे, म्हणजे मागून येणारं वाहन आधी तुम्हाला वळसा घालेल. उभ्या मोटारींच्या कडेने जाताना दाराएवढं अंतर सोडायचं. चौकात उजवीकडे वळायचं असेल तर सरळ उतरून, सायकल हातात धरून रस्ता ओलांडायचा, त्यात कमीपणा नाही. आणि थांबलेल्या बसच्या किंवा ट्रकच्या डाव्या अंगाने कधीही पुढे घुसायचं नाही, तिथे ड्रायव्हरला सायकलवाला दिसतच नाही. हे शेवटचं तिच्याकडून पाठ करून घ्या, पाढ्यांसारखं. हेल्मेट पहिल्या दिवसापासून, भुवयांच्या वर दोन बोटं, कपाळ झाकून, पट्टा लावून. मागे केसांवर टेकवलेलं हेल्मेट फोटोपुरतं.

जागेचं म्हणाल तर एका मोटारीच्या जागेत दहाएक सायकली आरामात राहतात. सोसायटीच्या सभेत हा मुद्दा तुम्हीच मांडा. निवृत्त बँकवाल्याचा हिशेब लोक ऐकून घेतात. सायकलचा स्टँड झाला की आणखी दोन-तीन घरांतल्या माळ्यावरच्या सायकली खाली येतील, आणि नातीला जोडीदार मिळाले की तुमचं निम्मं काम तीच पोरं करतील.

राहिली ॲटलस. १९५१ साली सोनीपतला सुरू झालेल्या या कंपनीचा साहिबाबादचा शेवटचा मोठा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. तो नेमका जागतिक सायकल दिन होता. तुम्हाला ही सायकल कुणाच्या तरी हाती सोपवायची घाई का झाली असेल, ते मी समजू शकते. पण एवढी तेलपाणी करून, रंग देऊन तयार केलेली सायकल तुम्ही स्वतः का चालवत नाही? चार पानांत त्याबद्दल एक ओळ नाही. चक्कर येत नसेल, डॉक्टरांची हरकत नसेल, तर सीट दोन बोटं खाली घ्या आणि सकाळी दूध आणायला ती काढा. टांग टाकायला अवघड जात असेल तर आधी पायरीचा आधार घ्या. फक्त पावसात बाहेर नेऊ नका, ओल्या लोखंडी रिमवर सळईचे ब्रेक नावालाच लागतात. नातीने तुम्हाला रोज चालवताना पाहिलं की वेगळं समजावावं लागणार नाही. आणि नाहीच शिकली ती, तरी दूध तर येईल.

कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं जुन्या सायकलींचं संग्रहालय आहे, तिथे तिला जरूर न्या. पण आधी तिला तिची सायकल येऊ द्या. आत्ता नेलंत तर तिला वाटेल, आजोबांनी ॲटलसची आणखी भावंडं शोधून आणली.